जाड-बारीक वळणाचा टाइप: 'टिरो देवनागरी मराठी'बद्दल दुकानात येणारे प्रश्न

लातूरला गंजगोलाईच्या पाठीमागच्या गल्लीत आमचं डीटीपीचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नसराई, दिवाळी अंक, कवितासंग्रह, वास्तुशांतीची कार्डं, सगळंच येतं. मोबाइलवर कुठलीतरी पत्रिका पाहून गिऱ्हाईक म्हणतं, "असलं नाजूक अक्षर पाहिजे." ते नाजूक अक्षर पुष्कळदा 'टिरो देवनागरी मराठी' नावाच्या फॉन्टातलं (आमच्या बोलीत टाइपातलं) असतं, किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. एकच गोष्ट दिवसात चार वेळा सांगावी लागते, म्हणून इथे लिहून ठेवली. काउंटरवर जसे प्रश्न येतात तसेच घेतलेत, त्यामुळे क्रम नीट लागलेला नाही.

हा टाइप आहे कोणाचा?

कॅनडातल्या 'टिरो टाइपवर्क्स' या टाइप घडवणाऱ्या संस्थेचा. जॉन हडसन आणि फिओना रॉस ही त्यामागची मुख्य नावं. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने 'मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया' ही ग्रंथमाला काढली. तिच्यात एका पानावर मूळ भारतीय भाषा आणि समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर असतं. तिचे पहिले खंड २०१५ साली आले. दोन लिप्या समोरासमोर बसवायच्या आणि दोन्ही एकाच घरातल्या वाटल्या पाहिजेत, या गरजेतून ही अक्षरं घडली. पुढे ती गूगल फॉन्ट्सवर सगळ्यांसाठी खुली झाली. त्यात हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा देवनागरीच्या तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत. आपल्या कामाची मराठी.

सेरिफ म्हणजे काय? आपल्या अक्षराला सेरिफ असतं का?

रोमन अक्षराच्या काडीला टोकाशी जी छोटी आडवी पावलं असतात, ती सेरिफ. वर्तमानपत्रातलं इंग्रजी आठवा. ज्याला पावलं नाहीत ते सॅन्स सेरिफ, म्हणजे दुकानाच्या पाट्यांवरचं सरळसोट इंग्रजी.

देवनागरीला तसली पावलं नाहीत. आपलं अक्षर खाली पाय रोवून उभं राहत नाही, वर शिरोरेषेला लटकतं. मोडी लिहिणारे तर आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत जात. म्हणून 'मराठी सेरिफ फॉन्ट द्या' असं कोणी म्हटलं की आम्ही त्याचा अर्थ 'जाड-बारीक असलेला द्या' असा लावतो. रेघ कुठे भरते, कुठे बारीक होते, टोक कसं कापलंय, हेच आपल्याकडे सेरिफचं काम करतं. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असेल, तर तो आपल्या बोलीत 'सरळ' टाइप.

मग हा देखणा दिसतो तो कशामुळे?

याचं उत्तर बोरूत आहे. बोरूचं टोक चपटं आणि तिरकं कापलेलं असतं. हात एका दिशेला गेला की जाड रेघ, दुसऱ्या दिशेला गेला की बारीक. गंमत अशी की रोमन लिहिणाऱ्याची आणि आपली लेखणी उलट्या तिरक्या धरल्यासारखी चालते. इंग्रजी 'ओ' बघा: तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे बारीक असतो. आता आपल्या 'व'चं पोट बघा: नेमकं त्याच जागी ते भरतं. ज्यांनी इंग्रजी फॉन्टच्या सवयीने देवनागरी काढली, त्यांच्या अक्षरात ही जाडी चुकीच्या बाजूला जाते. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खुपतं. आमच्या वडिलांच्या वयाचे जुने जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवणारे, असल्या टाइपाला 'साहेबाची बाराखडी' म्हणायचे.

टिरोत जाडी जागच्या जागी आहे. 'क'चे दोन्ही कान, 'ळ'च्या दोन वाट्या, 'ज्ञ' आणि 'क्ष'च्या आतली मोकळी जागा पाहा. रेघ भरते, हळूहळू उतरते आणि सांध्यापाशी अगदी बारीक होते. त्या बारीक सांध्यामुळेच अक्षराच्या पोटात उजेड राहतो. ३६ पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) 'तुळजाभवानी' टाइप करून कागदावर काढा आणि हाताच्या अंतरावर धरा. मी इतकं लिहितोय त्यापेक्षा ते जास्त सांगेल.

हे वळण काही आजचं नाही. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरं कोरली आणि त्यावरून खिळे ओतले गेले. त्या खिळ्यांतली संस्कृत पोथी अजूनही एखाद्या वाड्यात, देवघराच्या फडताळात सापडते. छापील मराठी अक्षर म्हणजे कसं, हे आपल्या डोळ्यांना पुष्कळसं त्या खिळ्यांनी शिकवलं. म्हणूनच अशा वळणाचा टाइप समोर आला की लोक "ओळखीचं वाटतं" म्हणतात.

नावात 'मराठी' कशाला? हिंदीचा वापरला तर काय बिघडतं?

'ल' बिघडतो. हिंदी 'ल'ला उजवीकडे उभा दंड असतो, आपला 'ल' दोन पाकळ्यांचा. 'श'चा डावा भागही आपल्याकडे निराळ्या वळणाने येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि वळणं प्रमाण म्हणून ठरवून दिली, त्यात हेही आलं. आता ज्या गावाच्या नावातच पहिलं अक्षर 'ल' आहे, त्या गावात हिंदी 'ल' छापून कसं चालेल?

काही फॉन्टांत दोन्ही 'ल' असतात, पण सुरुवातीला हिंदी दिसतो. वर्डमध्ये मजकूर निवडून भाषा 'मराठी' केली की तो बदलतो. बदलला नाही तर त्या फॉन्टात मराठी 'ल' नाहीच, किंवा तुमचं सॉफ्टवेअर त्याला हाक मारत नाही. टिरोच्या मराठी आवृत्तीत ही खटपट करावी लागत नाही.

कुठलाही नवा फॉन्ट आला की मी हे शब्द टाइप करून पाहतो: लातूर, शिरूर अनंतपाळ, औंढा, कुऱ्हाड, वाङ्मय, वृद्ध, रुक्मिणी, ॲड., ज्येष्ठ, श्रीक्षेत्र. 'कुऱ्हाड'मधला अर्धा र नीट आला आणि 'वाङ्मय'चे तुकडे पडले नाहीत, तर पुढे बघायचं. नाहीतर फॉन्ट कितीही सुंदर असला तरी परत.

लग्नपत्रिकेला चालेल ना?

चालेल, पण पत्रिका कशी आहे त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडची पत्रिका म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका कागदावर असतात. मधोमध वधूवरांची नावं, वर 'श्री कुलस्वामिनी तुळजाभवानी प्रसन्न', खाली तिथी आणि मुहूर्त: ही झाली पत्रिका. उरलेल्या जागेत भावकी. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मामा मंडळ, मित्र मंडळ. एका पत्रिकेवर आम्ही एकशे चौदा नावं मोजली होती, आणि छापून झाल्यावर एकशे पंधरावं राहिलं म्हणून एक चुलते दुकानात येऊन बसले होते.

मधल्या भागासाठी टिरोसारखा दुसरा टाइप नाही. 'चि.' आणि 'चि.सौ.कां.' १४ पॉइंटला, नावं ३० ते ३६ ला, भोवती मोकळी जागा. एवढं केलं तरी पुष्कळ. वेलबुट्टी, मोर, कलश, पालखी यांपैकी एकच काहीतरी ठेवा. अक्षरच दागिन्यासारखं असेल तर त्यावर आणखी दागिने चढवायचे नसतात.

भावकीची यादी मात्र ७-८ पॉइंटला दाबून बसवावी लागते, आणि तिथे हा टाइप कोमेजतो. बारीक रेघा त्या आकाराला इतक्या सुटतात की 'पाटील'ची वेलांटी हवेत तरंगल्यासारखी दिसते. यादीला 'मुक्त'सारखा सरळ टाइप घ्या. मुंबईच्या 'एक टाइप'ने तो केलाय, तोही मोफत आहे, आणि लहान आकारात नाव लख्ख वाचता येतं. दोन टाइप एका पत्रिकेवर चालतात. पाच नाही.

'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ कोणत्या टाइपात घ्यायची, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. हस्ताक्षरी टाइपात घ्या. पोरांचं बोलणं पोथीच्या अक्षरात शोभत नाही.

"नाव जरा बोल्ड करा की ओ."

करता येत नाही. टिरोत साधं आणि इटॅलिक (तिरकं) असे दोनच प्रकार आहेत, बोल्ड बनवलेलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर्डमध्ये बटण दाबलं की होतंय की. ते होत नाही, ते फासलं जातं. अक्षराच्या कडेने सगळीकडे सारखी जाडी वाढवली जाते. जाड रेघ आणखी जाड होते, बारीकही जाड होते, 'क्ष'च्या पोटातला उजेड जातो. ज्यासाठी हा टाइप घेतला तेच गेलं. खऱ्या बोल्डमध्ये टाइप घडवणारा प्रत्येक अक्षर नव्याने काढतो: जाड रेघ वाढवतो आणि बारीक रेघ जवळपास तशीच ठेवतो.

नाव उठून दिसायला पाहिजे असेल तर मोठं करा, रंग बदला, भोवती जागा सोडा. तरीही बोल्डच हवा असेल, तर बोल्ड असलेला दुसरा टाइप घ्या. खाली सांगितलेत.

सोनेरी फॉइलमध्ये होईल का?

२४ पॉइंटच्या वर होईल. फॉइलसाठी धातूचा ठसा बनतो. तो तापतो आणि दाबाने सोनेरी पापुद्रा कागदावर चिकटवतो. बारीक रेघेवर पापुद्रा पुरता धरत नाही, तुटतो, आणि जोडाक्षराच्या पोटात नको तिथे चिकटतो. शिरोरेषा मधेच तुटली तर 'सोनाली'ची 'सो नाली' होते. हे एकदा झालेलं आहे. पत्रिका आमच्याच दुकानातून गेली होती, दोष ठशाचा नव्हता, आम्ही नाव १६ ला ठेवलं होतं. खरबरीत, हातकागदासारख्या कार्डावर तर आणखी मोठं ठेवा.

फ्लेक्सवर?

नको. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात, ऊन-वाऱ्यात, चालत्या मोटारसायकलवरून वाचायचा असतो. तिथे जाड, सरळ टाइपच पाहिजे. शिवाय चार फोटोंच्या गर्दीत, पिवळ्या आणि भगव्या पट्ट्यांवर बारीक रेघ कोण बघणार आहे?

पुस्तकाला आणि दिवाळी अंकाला कसा वाटतो?

इथे त्याचं खरं घर आहे. मुळात तो पुस्तकासाठीच घडलाय.

डेमी आकाराच्या पुस्तकात ११ किंवा ११.५ पॉइंट ठेवा आणि ओळीची उंची १७ च्या आसपास. इंग्रजी पुस्तकात ११ ला १४ पुरतं, आपल्याला पुरत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. 'पूर्वार्धातील मूर्ती'च्या खाली 'कैवल्य' आलं की वरचे ऊकार आणि खालच्या मात्रा एकमेकांत अडकतात. ओळींमधलं अंतर सुटं, मोकळं ठेवलं की या टाइपाचं निम्मं सौंदर्य आपोआप दिसतं. पानं वाचवायला प्रकाशक ओळी दाबतात. सोळा पानांचा एक फर्मा वाचतो खरा, पण वाचणारा चाळीस पानांत थकतो.

कवितेला तर हा फारच चांगला. ओळी लहान, भोवती पांढरं भरपूर, त्यामुळे अक्षर बघायला उसंत मिळते. अंबाजोगाईच्या मातीत मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' झाला, पैठणला एकनाथ झाले. ओवी-अभंगाची परंपरा सांगणारं पुस्तक आपल्याकडे दर वर्षी कुठूनतरी निघतंच. त्यातल्या ओव्या या टाइपात आणि खालचं निरूपण त्याच टाइपात एक पॉइंट लहान, इतकी साधी मांडणी पुरते. ओव्या तिरक्या करू नका. अक्षर तिरकं करून वेगळं दाखवणं ही रोमनची रीत आहे. आपण जुन्या पोथीसारखं ओव्या आत सरकवून किंवा मोकळ्या सोडून वेगळ्या दाखवू शकतो.

कागदाचं मात्र ऐका. अठराव्या शतकात इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बास्करविल नावाचा माणूस होता. त्याने जाड-बारीक फरक वाढवलेला टाइप केला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्या काळच्या खरबरीत कागदावर ही बारीक रेघ उमटणारच नाही. मग त्याने गुळगुळीत कागद घेतला, छापलेले कागद तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबले, शाईही स्वतःची केली. १७५७ साली त्याचं व्हर्जिलचं पुस्तक आलं. म्हणजे टाइप नाजूक झाला की कागद, शाई आणि यंत्र तिघांनाही सुधारावं लागतं, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. आपल्याकडे उलटं होतं: टाइप नाजूक घ्यायचा आणि कागद मिळेल तो.

७० किंवा ८० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) चांगल्या मॅपलिथो कागदावर टिरो सुखाने उमटतो. हलक्या, फुगीर कागदावर शाई पसरते आणि बारीक रेघ जाड होते. वर्तमानपत्री कागदावर तर जाड-बारीक फरकच बुजतो. काही जण म्हणतात मग चकचकीत आर्ट पेपरवर घ्या. कवितासंग्रह आर्ट पेपरवर छापला की ट्यूबलाइटखाली पान चमकतं आणि वाचताना मान वाकडी करावी लागते. मॅपलिथोच बरा.

आणखी एक, जे फक्त आपल्याकडच्यांना कळेल. एप्रिल-मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कागद ओलावा सोडतो, आकसतो, कडा वळतात. चाररंगी कामात एक रंग दुसऱ्यावर नेमका बसत नाही. जाड अक्षरात ते खपून जातं. बारीक रेघेत लगेच लाल-निळी सावली दिसते. म्हणून या टाइपातला मजकूर नेहमी एकट्या काळ्या शाईत छापा, चार रंग मिसळून काळा करू नका. आणि गडद चाररंगी पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात तो अजिबात घेऊ नका. शाई चारी बाजूंनी आत सरकते आणि वेलांट्या गिळते. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर ही चूक दर वर्षी कोणीतरी करतं.

क्लासच्या नोट्ससाठी?

लातूर पॅटर्नच्या नोट्स रात्री अकराला, तिसऱ्यांदा झेरॉक्स काढून वाचल्या जातात. प्रत्येक झेरॉक्समागे बारीक रेघ थोडी झिजते. सरळ टाइप घ्या.

ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरायचं आहे. सभामंडपाला देणगी दिली आहे.

'यांच्या स्मरणार्थ' असं दगडावर कोरायला या वळणाची अक्षरं सुरेख दिसतात. पण दगडाचं काम आता छिन्नीने कमी आणि यंत्राने जास्त होतं. चिकटपट्टीचा साचा कापून त्यावर वाळूचा मारा करतात. साचा कापताना बारीक रेघेची पट्टी सुटून येते आणि तिथे कोरलंच जात नाही. अक्षर निदान दीड इंच उंच ठेवा. कारागिराला आधी एकच शब्द कोरून दाखवायला सांगा, आणि तो शब्द 'श्री' असू द्या. त्यात सगळ्या अडचणी एकत्र असतात. वरून सोनेरी रंग भरणार असाल तर रंग पातळ घ्या, जाड रंगाने टोकं गोल होतात.

पत्रिकेत एका बाजूला इंग्रजी आहे. त्याला कोणता घ्यावा?

टिरोच्या आतच इंग्रजी सेरिफ अक्षरं आहेत, तीच घ्या. ती या देवनागरीला साथ द्यायला, उंची आणि जाडी जुळवून ठेवलेली आहेत. त्याऐवजी लोक टाइम्स न्यू रोमन लावतात. तो लंडनच्या 'द टाइम्स' वर्तमानपत्रासाठी १९३२ साली आला, अरुंद रकान्यात जास्त मजकूर बसावा म्हणून. चांगला टाइप आहे, पण त्याच्या तोंडावर कामाचा भाव आहे. संगणकावर आपोआप येतो म्हणून नोकरीच्या अर्जालाही तोच आणि लग्नालाही तोच.

आणखी भपका पाहिजे असेल तर डिडो आणि बोडोनी या घराण्यातले टाइप आहेत, फ्रान्स आणि इटलीतले, अठराव्या शतकाच्या शेवटाचे. त्यांची जाड रेघ खांबासारखी आणि बारीक रेघ केसासारखी. फॅशनच्या मासिकांची नावं बहुधा तसल्या अक्षरात असतात. ते टिरोच्या देवनागरीशेजारी ठेवले की आपलं अक्षर फिकं पडतं. दोघांत भांडण लावायचं कशाला?

एक बारीक सूचना: एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आलं, तर इंग्रजी कॅपिटल अक्षरं मोठी, ओरडल्यासारखी वाटतात. 'एमबीबीएस' आपल्या लिपीत लिहिलं तरी डॉक्टर डॉक्टरच राहतो.

आमच्याकडे मजकूर श्रीलिपीत आहे. फॉन्ट बदलला की भलतंच येतंय.

येणारच. श्रीलिपी, आकृती वगैरे मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षर इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेलं असतं. टिरो युनिकोडवर चालतो, म्हणजे जिथे मराठी अक्षराला स्वतःची जागा असते त्या पद्धतीवर. आधी मजकूर परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) काढून युनिकोड करायचा, मग फॉन्ट लावायचा. परिवर्तन झाल्यावर रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्य', 'ॲ' आणि अवतरणचिन्हं डोळ्यात तेल घालून तपासा. एका स्मरणिकेत 'कार्याध्यक्ष' सगळीकडे 'काध्यार्यक्ष' झाले होते. ते गृहस्थ आजही मला स्वतःची तीच ओळख करून देतात.

पान मांडायच्या सॉफ्टवेअरचंही पथ्य आहे. पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नाही, तो विषय सोडा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय लावला नाही तर वेलांटी पुढे-मागे होते आणि जोडाक्षरं तुटतात. नवा लिब्रेऑफिस आणि नवा स्क्राइबस नीट चालतात आणि दोन्ही फुकट आहेत. जुन्या कोरलमध्ये काम असेल, तर मजकूर दुसरीकडे मांडून, अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफने आत आणावा लागतो. मग त्यात चूक दुरुस्त करायची म्हणजे परत पहिल्यापासून. आमच्याकडे अजूनही निम्मं काम असंच चालतं, लपवत नाही.

तारीख मराठी आकड्यांत घ्यावी की इंग्रजी?

मराठी. '५', '८' आणि '९' या टाइपात बघण्यासारखे आहेत. मोबाइल नंबरसुद्धा मराठीत घेतला तर आजीला वाचता येतो. नातू कसाही फोन लावतोच. फक्त पत्रिकेवर दोन्ही मिसळू नका, वर '१७' आणि खाली इंग्रजी सतरा असं.

वेबसाइटवर, मोबाइलवर चालेल का?

मथळ्याला उत्तम. सलग मजकुराला १८ पिक्सेलच्या खाली आणू नका. स्वस्त मोबाइलच्या पडद्यावर बारीक रेघ राखाडी होते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे पर्यायी फॉन्ट लागला तरी 'ल' मराठी येण्याची शक्यता राहते. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणकावर पहिलं मराठी 'मंगल'मध्ये वाचलं. र. कृ. जोशींनी तो मायक्रोसॉफ्टसाठी केला. त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षर वाचता यावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली. तोच मंगल लोक लग्नपत्रिकेवर छापतात आणि मग त्याला कुरूप म्हणतात. दोष मंगलचा नाही.

याच्यासारखे दुसरे कोणते?

'एक्झार' पाहा, वैभव सिंग यांनी केलेला. अंगाने दणकट, कोपरे धारदार, साध्यापासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या. टिरो जर शांत बोलणारा असेल तर हा सभेत बोलणारा. पुस्तकाच्या नावाला, संमेलनाच्या निमंत्रणाला छान. 'मार्टेल'मध्ये सात जाड्या आहेत, मासिकाच्या मांडणीला उपयोगी. 'नोटो सेरिफ देवनागरी'त त्याहूनही जास्त. तो कुठेच अडत नाही, कुठेच जीव लावत नाही. 'रोझा वन' म्हणजे जाड रेघ एकदम जाड आणि बारीक एकदम बारीक. दोन शब्दांच्या मथळ्याला सुंदर, तिसऱ्या ओळीला असह्य. हे सगळे मोफत मिळतात.

आणि श्रीलिपीचा सातशे आठ नंबरचा टाइप. मराठवाड्यातल्या छापखान्यांनी त्यावर अर्धं आयुष्य काढलंय. त्याला नावं ठेवणारा माणूस मी नाही.

फॉन्ट फुकट आहे म्हणता. मग तुम्ही पैसे कशाचे घेता?

फॉन्ट खरंच फुकट आहे. खुल्या परवान्यावर आहे: धंद्यासाठी वापरा, पुस्तकात छापा, पीडीएफमध्ये घाला. फक्त तो फॉन्ट एकटाच विकायचा नाही, आणि बदल करून वाटला तर खुलाच ठेवायचा, त्याच परवान्याखाली. तुम्ही घरी उतरवून घेतलात तरी आमची हरकत नाही. पुष्कळ जण घरून मांडून आणतात आणि ते नीटही असतं.

पैसे मांडणीचे आणि प्रुफांचे, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या प्रतींचे. आम्ही दोन प्रुफं देतो. पहिलं तुम्ही वाचा. दुसरं नवरदेवाच्या आईकडे द्या, घाई करू नका, चहा होऊ द्या. राहिलेलं नाव तिलाच सापडतं.